ग्रुपवर दुसऱ्याचं शुद्धलेखन सुधारावं का?

प्रश्न : ताई, आमचा पुस्तकांवर गप्पा मारायचा ऑनलाइन ग्रुप आहे. लोक ‘आणी’, ‘माहीती’, ‘दूसरा’ असं बिनधास्त लिहितात, मला ते बघवत नाही म्हणून मी लगेच खाली बरोबर शब्द टाकते. टोमणे मारत नाही, फक्त शब्द. तरी परवा एकजण चिडून म्हणाला, ‘समजलं ना तुम्हाला, मग झालं!’ भाषेची अशी वाट लागू द्यायची का?

उत्तर : वाट लागू द्यायची नाहीच, तुमची तळमळ मला पटते. पण सगळ्यांसमोर सुधारणं थांबवा, हे मी स्पष्टच सांगते. कुणीतरी पुस्तकाबद्दल मनापासून लिहिलंय आणि खाली पहिला रिप्लाय वेलांटीचा, म्हणजे बाकीचं वाचलंच नाही असं त्याला वाटणार, आणि पुढच्या वेळी तो लिहिणारच नाही. नुकतंच मराठीत लिहायला लागलेले तर सगळ्यात आधी गप्प होतात.

आणि जरा चूक का झाली तेही बघा ना. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असा आपला नियम आहे, कवी, गती, गुरू वगैरे, म्हणजे ‘आणी’ लिहिणारा खरं तर नियमच पाळतोय, ‘आणि’ नि ‘नि’ हे अपवाद आहेत एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कुणी वयस्कर माणूस ‘नांव’, ‘कांही’ लिहीत असेल तर तो तसंच शिकलाय, मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले आणि आणखी ४ १९७२ साली, तेव्हा असे उच्चार नसलेले अनुस्वार गेले. फोनचा कीबोर्ड भलताच शब्द पुढे करतो ते वेगळंच. आणि ‘पानी’, ‘व्हतं’ ही तर घरची बोली आहे, गप्पांमध्ये तिला हात लावायचं काहीच कारण नाही, कुणी लावला की मला फार राग येतो.

पण ग्रुपच्या नावानं काही बाहेर जाणार असेल तर तिथे मात्र गप्प बसू नका. ‘जागतिक महिला दीन’ असं पोस्टर गेलं तर अर्थच बदलला, दीन म्हणजे लाचार! तारीख, वेळ, कुणाचं नाव चुकलं तरी तसंच. अशा वेळी बनवणाऱ्याला पर्सनल मेसेज करायचा, पोस्टर जायच्या आधी, आणि कारणासकट, नुसता बरोबर शब्द देऊन उपयोग नाही, कारण कळलं की तो पुढचे दहा शब्द स्वतःच बरोबर लिहितो. ज्यानं आपणहून ‘चुका सांगा’ म्हटलंय त्याला मात्र सगळ्या सांगा, हातचं राखू नका.

तो चिडलेला माणूस गप्पांपुरता बरोबरच बोलला. त्याला मेसेज करा, पण आधी त्यानं पुस्तकाबद्दल काय लिहिलं होतं त्यावर बोला. ‘आणि’चा अपवाद नंतर, तोही त्यानं विचारला तर.