पाहण्यासाठीच जा

प्रिय मित्रा,

येऊ घातलेल्या अंतराळपटाची तू इतके दिवस आतुरतेने वाट पाहत होतास, आणि आता ‘कथा बेताची दिसते, नुसत्या दृश्यांसाठी कशाला जायचे?’ असे मित्रांनी म्हटल्याबरोबर तुला स्वतःच्याच उत्सुकतेचा संकोच वाटू लागला, हे वाचून मला वाईट वाटले आणि खरे सांगायचे तर थोडा रागही आला.

पाहण्यासाठीच जा. अवकाशातील वस्तू जशा दिसतात तशा का दिसतात, यातच किती भौतिकशास्त्र सामावलेले आहे! चंद्रावर हवा नाही, म्हणून दूरचे डोंगर धूसर होत नाहीत आणि अंतराचा अंदाज फसतो. लख्ख उन्हातील जमिनीला बेतून कॅमेऱ्याचे एक्स्पोजर ठेवले की मंद तारे उमटत नाहीत, म्हणून छायाचित्रात आकाश कोरे काळे येते. १९७२ मध्ये अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर गाडी पळवली, त्याचे चित्रीकरण चित्रपटाआधी लक्षपूर्वक पाहून ठेव. चाकांमागून उडणारी धूळ ढगासारखी रेंगाळत नाही, ती स्वच्छ कमान काढून खाली येते. एवढे डोळ्यांत बसले की पडद्यावरची खोटी धूळ तुला लगेच ओळखू येईल.

माणूस चंद्रावर उतरण्याच्या आदल्या वर्षी, १९६८ साली, स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये यानाबाहेरची नीरवता राखली. १९९५ च्या ‘अपोलो १३’साठी रॉन हॉवर्ड यांनी कलाकारांना नासाच्या विमानात नेले, तशा उड्डाणात एका वेळी साधारण २५ सेकंदच वजनरहित अवस्था मिळते, आणि तेवढ्या तुकड्यांतून त्यांनी दृश्ये उभी केली. तरंगणारा देह खरा वाटला नाही, तर त्या माणसांच्या जिवाची धास्ती प्रेक्षकाला वाटणार कशी? तरीही दृश्य वेगळे आणि कथा वेगळी, असे लोक खुशाल म्हणत राहतात!

मलाही आयुष्यभर ‘तांत्रिक बारकाव्यांत अडकलेला’ म्हणून बाजूला सारण्यात आले. निर्वात पोकळीतल्या स्फोटाचा गडगडाट ऐकू आला की माझे मन चित्रपटातून उठते, आणि त्यात माझे काही चुकते असे मला कधीच वाटले नाही. ज्या जागेची गोष्ट सांगायची, त्या जागेचे नियम दिग्दर्शकाने पाळावेत, एवढीच माझी मागणी होती आणि आहे. ती चारचौघांत ठामपणे मांडायची सोडून मी गप्प बसत आलो, याची खंत मात्र आहे. तू गप्प बसू नकोस.

पाहण्यासाठीच जा, आणि मोठ्या पडद्यावरच जा. चुकांच्या याद्या आधी वाचू नकोस. त्या वाचल्या की डोळे फक्त चुका शोधत बसतात. यान पहिल्यांदा सूर्याच्या उजेडात येईल, तेव्हा त्याच्या सावलीतल्या बाजूवर प्रकाश पृथ्वीकडून येतो आहे की तिथे निव्वळ काळोख आहे, हे नीट बघून मला सविस्तर लिही. कथेबद्दल मी मागाहून विचारीन.

तुझा,
एक जुना प्रेक्षक