रंग कळणे आणि रंगाचे नाव सांगणे

"मॅडम, याला रंगच कळत नाहीत." विशेष मुलांच्या पालकांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणारी नोकरदार आई असो की खेड्यातून नातवाला घेऊन आलेली आजी, काळजी तीच असते आणि तिच्यामागे शाळाप्रवेशाची धास्तीही असते.

गिरणारे परिसरातला सोहम (नाव बदलले आहे) हा डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतील जन्मजात फरकामुळे शिकणे-बोलणे संथ होणारी स्थिती) असलेला सात वर्षांचा मुलगा. घरी टोमॅटो आणि द्राक्षांची शेती. त्याच्या आईने भिंतीवर रंगांचा तक्ता लावला होता आणि ती मनापासून मेहनत घेत होती.

"काल लाल म्हणाला, आज त्यालाच पिवळा म्हणतो," त्या म्हणाल्या.

"दिवसातून किती वेळा विचारता?"

"जाता-येता विचारतेच."

"आणि सांगता किती वेळा?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "विचारल्याशिवाय कसं कळणार, येतंय की नाही ते?"

या प्रश्नाचे उत्तर वर्गीकरणात, म्हणजे वस्तू रंगानुसार वेगळ्या लावण्यात आहे, असे माझे अनुभवांती ठाम मत झाले आहे. दोन रंगांतला फरक दिसणे, तो लक्षात राहणे आणि त्याला नाव देता येणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांची पाहून लक्षात ठेवण्याची क्षमता ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा चांगली असते आणि बोलणे उशिरा येते. "हा रंग कोणता?" असे विचारताना आपण नेमक्या त्याच्या कमकुवत बाजूवर भार टाकतो, आणि उत्तर आले नाही की त्याला रंगच कळत नाही असा निष्कर्ष काढून मोकळे होतो.

मी तक्ता उतरवायला सांगितला आणि बाटल्यांची लाल व निळी झाकणे गोळा करायला सांगितली. वस्तू सारख्याच हव्यात, फरक फक्त रंगाचा हवा. लाल चेंडू आणि निळी गाडी दिली तर मूल आकार पाहून वेगळे करेल आणि आपण रंग आला म्हणून आनंद मानू. सुरुवातीला रंगही दोनच, तेही एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असावेत. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांच्या रंगपट्ट्यांच्या पहिल्या पेटीतसुद्धा लाल, निळा आणि पिवळा अशा तीनच जोड्या असतात. स्टीलच्या दोन वाट्यांत नमुन्याचे एकेक झाकण ठेवायचे, बाकीची झाकणे मुलाच्या हातात एकेक करून द्यायची आणि चुकीच्या वाटीकडे हात वळला तर "नाही" न म्हणता तो हलकेच योग्य वाटीकडे न्यायचा.

काही भेटींनंतर सोहम झाकणे बरोबर टाकू लागला. आई खूश झाल्या. पण मुले पुष्कळदा "लाल उजवीकडे" अशी जागाच पाठ करतात, म्हणून मी काही न बोलता वाट्यांची अदलाबदल केली. सोहमने लाल झाकण उजवीकडे नेले, वाटीच्या वर हात थांबवला, आत वाकून पाहिले आणि मग हात आडवा नेऊन ते डाव्या वाटीत टाकले. तो रंग पाहत होता, याची मला तेव्हा खात्री पटली.

त्याहून मोठी गोष्ट शेतावर घडली. मी वडिलांना म्हटले होते, "तुम्ही टोमॅटोची प्रतवारी करता, तेव्हा त्याला शेजारी बसवा." पुढच्या भेटीत त्यांनी सांगितले, "लाल एका क्रेटमध्ये, हिरवे दुसऱ्यात, एवढंच दाखवलं होतं. नारिंगी झाक आलेले त्यानं दोन्हीत टाकले नाहीत. खाली गोणपाटावर वेगळे मांडले."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही!"

ज्या मुलाला एकाही रंगाचे नाव नीट सांगता येत नव्हते, त्याने तिसरा गट स्वतःच्या नजरेने ओळखून वेगळा काढला होता. आई रडल्या, आणि त्या दिवशी मलाही माझ्या कामाचा फार अभिमान वाटला.

त्यानंतरच आम्ही नावांकडे वळलो. फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांनी एकोणिसाव्या शतकात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवताना वापरलेला आणि पुढे मॉन्टेसरींनी स्वीकारलेला क्रम मला आजही सर्वांत भरवशाचा वाटतो: आधी आपण सांगायचे, "हे लाल"; मग मागायचे, "लाल दे"; आणि हे सहज जमू लागल्यावरच विचारायचे, "हे कोणते?" बहुतेक घरांत सुरुवातच तिसऱ्या पायरीपासून होते. मराठीत आणखी एक अडचण असते. निळा चेंडू, निळी बादली, निळे झाकण अशी एकाच रंगाची तीन रूपे मुलाच्या कानावर पडतात. म्हणून काही आठवडे झाकणांवरच राहावे आणि "निळे" हेच रूप पक्के होऊ द्यावे. सोहम आता "लाल" ऐवजी "आल" म्हणतो. उच्चार सुधारण्याचे काम वाचा उपचारतज्ज्ञांकडे सुरू आहे. रंग आला, असे मी नोंदवून ठेवले आहे.

पुरेसा सराव होऊनही लाल आणि हिरव्यातच सतत गल्लत होत असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. लाल-हिरव्याचे रंगांधत्व मुलग्यांत अधिक आढळते आणि ते आईकडून येऊ शकते, म्हणून आईच्या वडिलांना किंवा भावांना तसा त्रास आहे का, तेही विचारावे. डाऊन सिंड्रोममध्ये चष्म्याचा नंबर असणेही सर्रास आढळते. रंगीत ठिपक्यांतले अंक वाचायला लावून रंगांधत्व तपासणाऱ्या इशिहारा चाचणीत, अंक वाचता न येणाऱ्या मुलासाठी बोटाने गिरवण्याच्या नागमोडी रेषांची पाने असतात. ती वापरून तपासणी करावी, अशी विनंती नेत्रतज्ज्ञांना आवर्जून करावी.