परदेशी नोकरीची प्रश्नोत्तरे : पावतीशिवाय पैसे देऊ नका

परदेशी नोकरीसंबंधी या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा आढळतो. पासपोर्ट, व्हिसा आणि काम करण्याचा परवाना या तीन निरनिराळ्या गोष्टी एकच समजल्या जातात आणि त्या गैरसमजावर कुणीतरी आपले दुकान चालवीत असतो. म्हणून काही निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गाव ठेवले आहे.

मी दहावी उत्तीर्ण आहे, तरीही माझ्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा आहे. तो काढता येतो का? (वाचक, जिंतूर)

येतो. ‘ईसीआर’ म्हणजे ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी शासनाची मंजुरी लागते, असा शेरा. दहावी उत्तीर्ण असल्याचे प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट सेवेच्या शासकीय संकेतस्थळावर पासपोर्ट पुन्हा जारी करण्याचा अर्ज करावा; त्यासाठी मध्यस्थाची गरज नाही.

मी नोकरीसाठी परदेशी गेलो, तर सातबाऱ्यावरून माझे नाव कमी होईल, असे भाऊबंद सांगतात. हे खरे आहे काय? (वाचक, औसा)

खरे नाही. अनिवासी भारतीय झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, परंतु आधीपासून नावावर असलेली किंवा वारसाहक्काने आलेली जमीन आपलीच राहते. बँकेतील साधे बचत खाते मात्र अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. त्याविषयी जाण्यापूर्वीच बँकेत चौकशी करावी, आणि भाऊबंदांनी मुखत्यारपत्रावर सही मागितली असेल, तर ते आधी वकिलाकडून वाचून घ्यावे.

माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले असून वाळूजच्या एका कारखान्यात मी सहा वर्षे वेल्डर आहे. नांदेडचे एक गृहस्थ दुबईला पाठवितात. आधी व्हिजिट व्हिसावर जायचे आणि तिथे पोहोचल्यावर कंपनी व्हिसा कन्व्हर्ट करून देईल, असे ते म्हणतात. १ लाख २० हजार रुपये मागतात, त्यांतील निम्मे आधी रोख. गावातील दोन मुले अशीच गेली आणि कामाला लागली. जावे का? (वाचक, कंधार)

जाऊ नये. या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देत आहे, कारण अशाच आशयाची पत्रे सर्वांत जास्त येतात, आणि त्यांतील बरीचशी पैसे देऊन झाल्यावर येतात.

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाने १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. अशा एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. कोणाची नोंदणी चालू आहे आणि कोणाची संपली आहे, हे तेथे कळते. नोंदणी नसलेल्यांची नावेही तेथे दिलेली असतात. आपले नांदेडचे गृहस्थ बहुधा मुंबई किंवा हैदराबादच्या एखाद्या कार्यालयासाठी माणसे गोळा करणारे सब-एजंट असावेत. या सब-एजंटाला कायद्यात स्थान नाही. त्याच्याकडे पाटी नसते, पावतीपुस्तक नसते, आणि उद्या काही बिनसले तर तो ‘मी फक्त ओळख करून दिली’ एवढे म्हणून हात वर करतो.

आता व्हिसाचे पाहू. आपले शिक्षण दहावीपेक्षा कमी असल्यामुळे आपला पासपोर्ट ‘ईसीआर’ प्रकारात मोडतो. अशा पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया यांसह १८ देशांत नोकरीसाठी जायचे असल्यास ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. अनेकांना ती कटकट वाटते, परंतु त्या मंजुरीच्या निमित्तानेच परदेशातील मालकाची नोंद होते, पगाराचा आकडा लिहिलेला करार शासनाच्या दप्तरी जमा होतो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाख रुपयांचा अपघात विमा उतरविला जातो, ज्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर, इतका किरकोळ आहे. व्हिजिट व्हिसावर पाठविण्याचे खरे कारण हेच की, त्यामुळे ही सगळी तपासणी टळते. विमानतळावर आपण ‘फिरायला चाललो’ असे खोटे सांगायचे आणि तेथेच अडवले गेल्यास तिकिटाचे पैसेही आपलेच बुडायचे.

तिथे राहून व्हिसाचा प्रकार बदलता येतो, हे खोटे नाही. परंतु तो बदलणे सर्वस्वी मालकाच्या हातात असते, आणि तोवर केलेले प्रत्येक दिवसाचे काम बेकायदा ठरते. पगार थकला तर तक्रार करायची कोणत्या कराराच्या आधारावर? मालकाने परवाना काढलाच नाही आणि व्हिसाची मुदत संपली, तर अमिरातीत प्रत्येक जादा दिवसाला ५० दिरहॅम दंड चढत जातो. परत यायचे म्हटले तरी आधी तो दंड भरावा लागतो आणि तो भरण्यासाठी पुन्हा त्याच मालकाकडे बेकायदा काम करणारी माणसे तेथे आहेत.

पैशांविषयी. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये घेता येतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरल्यास ३५ हजार ४०० रुपये होतात आणि त्याची पावती द्यावीच लागते. शिवाय अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो. तो कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने वसूल करण्यास मनाई आहे. म्हणजे १ लाख २० हजार हा आकडा कोणत्याच नियमात बसत नाही. ही रक्कम आपण शेकडा तीन रुपये व्याजाने सावकाराकडून उचलणार असाल, तर महिन्याला ३,६०० रुपये केवळ व्याजापोटी जातील, तेही पहिला पगार हातात पडण्याच्या आधीपासून.

राहिली गावातील दोन मुले. ती कामाला लागली हे त्यांच्या मोबाईलवरील फोटोंवरून कळते; त्यांच्याकडे परवाना आहे का, पगार खात्यात जमा होतो की हातात मिळतो, हे फोटोवरून कळत नाही. त्यांना फोन करून हे दोनच प्रश्न विचारा.

वेल्डरला आखातात मागणी असते, त्यामुळे आडमार्गाने जाण्याचे आपल्याला काही कारण नाही. त्या गृहस्थांकडून कंपनीचे ऑफर लेटर आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक लेखी मागा. तो क्रमांक ई-मायग्रेटवर ताडून पाहा आणि शंका असल्यास मुंबईच्या प्रोटेक्टर कार्यालयात किंवा १८०० ११ ३०९० या निःशुल्क क्रमांकावर विचारा. क्रमांक मागताच गृहस्थ चिडले किंवा ‘तुझ्या जागी दुसरा तयार आहे’ असे म्हणाले, तर त्यांना दुसऱ्यालाच न्यायला सांगावे.

अमिरातीतील कंपनीने महिन्याला १,८०० दिरहॅम पगार सांगितला. कागदावर मात्र मूळ वेतन ८०० आणि उरलेले १,००० भत्ते असे लिहिले आहे. हातात तेवढेच पडणार असेल, तर सही करण्यास हरकत आहे का? (वाचक, परतूर)

हातात तेवढेच पडेल, परंतु नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजली जाते. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन या दराने ती मिळते. ८०० च्या हिशेबाने वर्षाला ५६० दिरहॅम होतात, १,८०० च्या हिशेबाने १,२६०. पाच वर्षांत हा फरक ३,५०० दिरहॅमचा होतो. कागदाची ही मांडणी बेकायदा नाही, पण ती चुकून झालेली नसते. सही करण्यापूर्वी मूळ वेतन वाढवून मागावे. राहणे आणि जेवण कोणाकडे, रोजचे तास किती आणि जादा कामाचा दर काय, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. अरबी मजकुरासोबत आपल्याला समजेल अशा भाषेतील प्रत मिळाल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये. गरज वाटल्यास कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलास दाखवावी.

पूर्वी क्षयरोग झाला होता, आता बरा आहे. आखाताच्या मेडिकलमध्ये ‘पास करून देणारा’ माणूस मुंबईत आहे म्हणतात. (वाचक, किनवट)

त्याला पैसे देऊ नका. तिथे पोहोचल्यावर पुन्हा तपासणी होते आणि छातीच्या एक्स-रेमध्ये आढळलेल्या जुन्या व्रणावरूनही परत पाठविले जाऊ शकते. इतर कोणताही खर्च करण्यापूर्वी छातीरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्या आणि उपचार पूर्ण झाल्याचे कागद जवळ ठेवा.

मी बी.एस्सी. नर्सिंग केले आहे. जर्मनीसाठी ‘साठ दिवसांत बी२, नोकरीची हमी’ अशी जाहिरात पाहिली. शुल्क एकरकमी आहे. प्रवेश घ्यावा का? (वाचक, लातूर)

साठ दिवसांत वर्गाचे वेळापत्रक संपेल, बी२ ही जर्मन भाषेची वरची पातळी येणार नाही. ए१ या पहिल्या पातळीपासून बी२ पर्यंत नेटाने अभ्यास करणाऱ्यालाही साधारण वर्षभर लागते, आणि नोकरी करीत शिकणाऱ्याला त्याहून अधिक. परीक्षा घेणारी संस्था आणि शिकवणी वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गाने स्वतः छापलेले प्रमाणपत्र जर्मन वकिलातीत चालत नाही. शिकवणीनंतर गोएथे इन्स्टिट्यूट, टेल्क यांसारख्या मान्य संस्थेची परीक्षा द्यावी लागते, हे वर्गाने सांगितले आहे का, ते पाहावे.

जर्मनीत परिचर्या हा नियंत्रित व्यवसाय आहे. म्हणजे भाषेबरोबरच आपल्या पदवीला तेथील संबंधित राज्याच्या प्राधिकरणाकडून मान्यता मिळवावी लागते. बहुतेक वेळा काही विषय अपुरे ठरतात आणि त्यासाठी तेथे पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. तोवर साहाय्यक म्हणून काम करता येते, पण पगार कमी असतो. जाहिरातीत यांतले काहीच नसते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, त्याचाही हवाला असे वर्ग देतात. त्या कराराने कोणत्याही खासगी वर्गाला नोकरीची हमी देण्याचा अधिकार मिळालेला नाही.

१ जून २०२४ पासून सुरू झालेल्या ‘संधी कार्डा’विषयीही आपण विचारले आहे. ते नोकरी शोधण्यासाठी वर्षभर राहण्याचा परवाना आहे, नोकरी नव्हे. त्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते आणि निर्वाहाची सोय असल्याचा पुरावा द्यावा लागतो, जो २०२५ मध्ये दरमहा १,०९१ युरो धरला जात होता. घरचे सोने मोडून त्या वाटेने जाऊ नये, असे माझे मत आहे. आधी ए१ चा एकच टप्पा शुल्क भरून करावा, भाषा जमते का ते पाहावे आणि पदवीच्या मान्यतेसंबंधी जर्मन शासनाच्या मोफत सल्लासेवेला ई-मेल करून विचारावे. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही चौकशी करावी.

प्रमाणपत्रांवर अपोस्टिल करून देण्यासाठी एजंट प्रत्येक कागदाचे आठ हजार रुपये मागतो आणि मूळ कागद ठेवून घेतो. हे योग्य आहे का? (वाचक, उदगीर)

नाही. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय करते ते प्रमाणीकरण, आणि त्याचे शुल्क प्रत्येक कागदाला ५० रुपये आहे. त्याआधीचे राज्याचे प्रमाणीकरण आणि अधिकृत संकलन संस्थेचे सेवाशुल्क धरले तरी आठ हजारांचे समर्थन होत नाही. कोणत्या देशाला काय लागते, हे आधी तपासावे. सौदी अरेबियाला डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल चालते, तर अमिरात, कुवेत आणि कतारसाठी वकिलातीचे प्रमाणीकरण लागते. मूळ कागद यादी आणि पोच घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती देऊ नयेत.

थायलंडमध्ये डेटा एंट्रीचे काम, महिना ८० हजार, मुलाखत टेलिग्रामवर दहा मिनिटांत झाली. तिकीटही तेच काढतात. (वाचक, परभणी)

जाऊ नका. अशाच जाहिरातींना भुललेल्या भारतीय तरुणांना थायलंडमार्गे सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावड्डीच्या आसपास नेऊन सायबर फसवणुकीची कामे करायला भाग पाडले गेले. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून तसे इशारे दिले आहेत आणि अनेकांना सोडवून आणले आहे. आलेले संदेश पुसू नका. ते सायबर पोलिसांना दाखवा.

माझे पती सौदी अरेबियात वाहनचालक आहेत. सात महिन्यांपासून पगार नाही, पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे तेथील मालकाकडे, आहे. एजंट ‘थोडे थांबा, तक्रार केली तर उलटे होईल’ असे सांगतो. काय करावे? (वाचक, माजलगाव)

ताई, पगार थकल्याच्या दुसऱ्याच महिन्यात हे पत्र यायला हवे होते. थांबण्यात एजंटाचा फायदा आहे, आपला नाही. सौदी कामगार कायद्यानुसार नोकरीचा संबंध संपल्यापासून १२ महिन्यांनंतर दावा दाखल करून घेतला जात नाही. त्यामुळे मालकाने कामावरून काढल्याचे कागदोपत्री दाखविले असेल, तर दिवस तेव्हापासून मोजले जातात. कामगाराचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवून घेण्याचा मालकाला अधिकार नाही.

पतींना फोन करून इकाम्याच्या (तेथील रहिवासी परवान्याच्या) दोन्ही बाजूंचा फोटो, कराराची प्रत, शेवटचा पगार ज्या महिन्यात मिळाला त्याचा पुरावा आणि मालकाचे नाव-पत्ता आजच मागवून घ्या. ही माहिती भरून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर आपण माजलगावातूनही तक्रार नोंदवू शकता. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. त्याच वेळी पतींनी रियाधच्या भारतीय दूतावासाशी किंवा जेद्दाहच्या वाणिज्य दूतावासाशी, जे त्यांना जवळ असेल तेथे, संपर्क साधून तेथील कामगार कार्यालयात दावा कसा दाखल करायचा, हे विचारावे. तोवर त्यांनी काम सोडून पळून जाऊ नये, कारण मालकाने ते फरार असल्याची नोंद केली, तर थकलेल्या पगाराचा दावा अधिक अवघड होतो. पगार मिळाल्याच्या किंवा हिशेब पूर्ण झाल्याच्या कागदावर किंवा कोऱ्या कागदावर तर मुळीच सही करू नये. एजंट नोंदणीकृत असेल, तर त्याच्याविरुद्ध मुंबईच्या प्रोटेक्टर कार्यालयाकडे स्वतंत्र अर्ज करावा. नोंदणीकृत नसेल, तर पैसे दिल्याचा जो काही पुरावा असेल तो घेऊन माजलगाव पोलीस ठाण्यात जावे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तेथून उठू नये.