सात वर्षांनी दोघंच गेलो, आणि बोलायला काहीच नव्हतं

"ताई, तीन दिवसांचं बुकिंग होतं. आम्ही दुसऱ्याच रात्री घरी परत आलो. आमच्यात काही उरलंच नाही का?"

मी इंग्लंडमध्ये रीडिंगजवळ समुपदेशन करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत मराठी जोडपी बरीच असतात. उन्हाळा सरत आला की हा प्रश्न येतोच, फक्त गावाचं नाव बदलतं. या वेळी विचारणारी होती केतकी, शेजारी सुहास. दोघांची नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशीलही.

दोघं नोकरी करणारी, दोन मुलं. इथे कामाला बाई नाही, शेजारी मावशी नाही. पुण्यात असती तर एखाद्या संध्याकाळी मुलं आजीकडे सोडून ही दोघं बाहेर जेवून आली असती आणि त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. इथे त्या एका संध्याकाळीसाठी सासू-सासऱ्यांना व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी यावं लागतं. ते आले, नातवंडं रुळली, आणि सासूबाईच म्हणाल्या, "जा गं तुम्ही दोघं कुठेतरी, आम्ही बघतो इकडचं." जूनमधला एक शुक्रवार ते रविवार ठरला. जागा कॉट्सवोल्ड्स: मधाच्या रंगाच्या चुनखडीची घरं, रचीव दगडी बांध, मेंढ्या, फुललेल्या बागा. चॉकलेटच्या डब्यावर असतं ते इंग्लंड.

सुहासने महिनाभर आधी एक्सेल शीट केलं. शनिवारच्या रकान्यात बायबरीची आर्लिंग्टन रो, बोर्टन-ऑन-द-वॉटर, ब्रॉडवे टॉवर आणि कॅसल कूम. ज्यांनी हा भाग पाहिलाय त्यांना हसू येईल, कारण ब्रॉडवे उत्तर टोकाला आणि कॅसल कूम पार दक्षिणेला. मधले रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर झुडपांचं कुंपण, समोरून ट्रॅक्टर आला की मागे मागे जायचं. केतकी "डावीकडे घे, डावीकडे घे" म्हणत होती, तो "दिसतंय मला" म्हणत होता, आणि काट्यांचा गाडीच्या दारावर ओरखडा उठला. तिथून पुढे तासभर अबोला. (बोर्टनमध्ये पार्किंगवरून माझं आणि माझ्या नवऱ्याचंही वाजलेलं आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे भांडण न होता गाडी लावणारं जोडपं मला अजून भेटायचंय.)

केतकीच्या मनात मात्र काय होतं? झोप. दुसरं काही नाही. कॉटेजच्या पांढऱ्या चादरीवर दुपारी आडवं व्हायचं आणि कुणी "आई" म्हणून हाक मारायची नाही. हे तिने सुहासला सांगितलं होतं का, असं मी विचारलं. "एवढी मेहनत करून त्याने सगळं ठरवलं होतं, कसं सांगणार?" सुहास चमकून तिच्याकडे बघायला लागला. त्यालाही तेवढं फिरायचं नव्हतं. "एवढे पैसे घातलेत, तर हिला सगळं दाखवायला नको का, असं वाटलं मला." म्हणजे दोघंही एकमेकांसाठी राबत होते, सुट्टीतसुद्धा.

शनिवारी संध्याकाळी गावातल्या पबमध्ये बसले. जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळ संपता संपत नाही. जेवण मागवलं, आणि त्यानंतर बोलणंच संपलं. केतकी मुलांना फोन लावायला बाहेर गेली. रेंज नाही. चर्चच्या भिंतीपाशी हात उंच धरून उभी राहिली तेव्हा कुठे आवाज आला. सासूबाई म्हणाल्या, "मजा करा गं, धाकट्याला जरा कणकण आहे, पण तू मुळीच काळजी करू नकोस." त्यानंतर ती आई काळजी करणार नाही तर काय करणार! रात्री अकराला दोघं गाडीत बसून घरी.

इथे माझं चुकलं, ते आधी सांगते. पहिल्या भेटीत मी त्यांना नेहमीचा गृहपाठ दिला: रोज रात्री पंधरा मिनिटं एकमेकांशी बोला. दोन आठवड्यांनी आले ते आणखी थकून. पंधरा मिनिटं बोलले होते, अगदी शिस्तीत. बॉयलरची सर्व्हिसिंग, काउन्सिल टॅक्स, थोरल्याची पोहण्याची फी, आईबाबांचं परतीचं तिकीट. बोलणं यांच्यात भरपूर होतं, उलट जास्तच होतं. पण ते एकाच कचेरीतल्या दोन मॅनेजरांचं बोलणं होतं.

मग उलट गृहपाठ दिला. आठवडाभरात एकमेकांना म्हटलेली अशी वाक्यं लिहून आणा, ज्यांत मुलं, पैसे, व्हिसा, घरकाम आणि "उद्या कोण जाणार" यातलं काहीच नाही. सुहासने डी-मार्टच्या जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून आणलं होतं, भारतवारीतून पाकिटात राहिलेली पावती. सात दिवसांत तीन वाक्यं. "चहा मस्त झालाय." "तुझे केस ओले आहेत." तिसरं वाक्य खोडून परत लिहिलेलं: "बाहेर बघ, चंद्र." त्यावर केतकी काय म्हणाली होती? "खिडकी लाव, गार येतंय."

ती हसली, आणि मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिला जूनच्या सहलीतलं ते फाटक आठवलं. लोअर स्लॉटर ते अप्पर स्लॉटर अशी ओढ्याच्या काठाने मैलभराची पायवाट आहे. (नावावर जाऊ नका. जुन्या इंग्रजीतल्या दलदलीच्या, चिखलाच्या जागेच्या शब्दावरून ते आलंय असं मानतात, कत्तलीशी संबंध नाही.) ती वाट मेंढ्यांच्या कुरणातून जाते आणि मध्ये लागतं किसिंग गेट: अर्धगोल कठड्यात झुलणारं लाकडी फाटक. मेंढ्यांना पार होता येत नाही, माणसांना येतं, पण एका वेळी एकालाच. आधी जाणाऱ्याने पलीकडे थांबून फाटक धरायचं आणि चुंबन घेतल्याशिवाय सोडायचं नाही, अशी इथली जुनी गंमत. केतकीने ते कुठेतरी वाचलं होतं. ती मुद्दाम मागे राहिली आणि म्हणाली, "ते कोकरू बघ, आईच्या पोटाखाली कसं घुसलंय." सुहास म्हणाला, "हं. चल, पार्किंगची वेळ संपेल." आणि पुढे गेला. फाटक सुटून खट्‌कन तिच्यासमोर बंद झालं.

"मला ते माहीतच नव्हतं," सुहास म्हणाला. खरंच नव्हतं.

जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नवविवाहित जोडप्यांच्या अशाच बारीकसारीक हाका नोंदवल्या होत्या, आणि सहा वर्षांनी कोण एकत्र आहे ते पाहिलं. एकत्र राहिलेल्यांनी जोडीदाराच्या अशा हाकांना 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, वेगळे झालेल्यांनी 33 टक्के. त्या आकड्यांवरून कुणाचं भविष्य सांगू नये, मीही सांगत नाही. पण "कोकरू बघ" आणि "चंद्र बघ" या हाका आहेत, एवढं त्यातून नीट कळतं. प्रश्न मेंढीचा नसतो. आणि एक हाक त्याची चुकली होती, तशी एक तिचीही चुकली होती. हे दोघांना एकाच बैठकीत कळलं, ते बरं झालं. एकट्याला कळलं असतं तर त्याची तक्रार झाली असती.

म्हणून केतकीच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: नाही, एका फसलेल्या सहलीवरून काही उरलं नाही असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं धावणारं शरीर थांबलं की कधी कधी आधी चिडचिड आणि डोकेदुखी बाहेर येते, काहींचा पहिला दिवस त्यातच जातो. मुलं, डबे, ऑफिस बाजूला केलं की रोजचे विषयही बाजूला होतात, आणि जी शांतता उरते तिला लोक घाबरतात. त्यात सात वर्षांची थकबाकी तीन दिवसांत वसूल करायची म्हटलं की झालंच. त्या पबमध्ये दोघं बसले होते ते जेवायला नाही, परीक्षेला.

मात्र जोडीदाराची भीती वाटत असेल, तो चारचौघांत सतत पाणउतारा करत असेल, पैसे किंवा पासपोर्ट अडवून ठेवत असेल, तर सहलीचा प्रश्न मुळातच नाही. तिथे मी जोडप्याला एकत्र बसवत नाही. आणि दोघांपैकी एकाला आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर आधी त्याचं बघावं. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या समुपदेशनाकडे, स्वतःहून नाव नोंदवता येतं, जीपीची (फॅमिली डॉक्टरची) चिठ्ठी लागत नाही, पैसे पडत नाहीत. केतकीशी मी हेही बोलून घेतलं. तसं काही नव्हतं. फक्त झोप हवी होती.

सप्टेंबरच्या शेवटी, सासू-सासरे परत जायच्या आधी, ती दोघं पुन्हा गेली. दोनच रात्री. गाडी घरी, रीडिंगहून ऑक्सफर्डमार्गे रेल्वेने मोरटन-इन-मार्शला. शीट नाही. जायच्या आधी "आराम म्हणजे तुला नेमकं काय हवंय" याचं उत्तर दोघांनी कागदावर लिहून एकमेकांना दिलं. तिने लिहिलं, "झोप, आणि कुणीतरी केलेला चहा." त्याने लिहिलं, "कुणी काही विचारू नये." मुलांना फोन संध्याकाळी सातला, एकदाच, आणि तापाची बातमी आली तर ती आधी सुहासने ऐकायची.

सगळं गोड झालं असं नाही. शनिवारभर पाऊस. छत्री कुणी विसरली यावरून खटका उडाला. केतकी दुपारी दोनला झोपली ती साडेपाचला उठली. डोळे उघडले तर सुहास पायाशी बसून कॉटेजमधली पाहुण्यांची वही वाचत होता, फोनला रेंज नव्हती म्हणून. तो एकेक पान तिला वाचून दाखवायला लागला. कुणी कुत्र्याचं कौतुक केलेलं, कुणी लग्नाचा चाळिसावा वाढदिवस लिहिलेला, एकाने नुसतं "पाऊस. झोपलो. परत येऊ."

निघताना आपणही काहीतरी छानसं लिहावं म्हणून केतकी पेन घेऊन बसली. तिला सुचेना. सुहासने वही ओढून घेतली आणि घरमालकिणीला कळू नये म्हणून मराठीत लिहिलं: "चाकूला धार नाही. बाकी झकास."