निळे जादूगार शोधताय?

टोल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये पाच जादूगारांपैकी दोघे, म्हणजे निळे जादूगार, सापडत नाहीत म्हणून पानं पुन्हा पुन्हा चाळू नकोस. तिथे सारुमन या जादूगाराच्या तोंडी 'पाच जादूगारांच्या काठ्या' एवढाच ओझरता उल्लेख आहे. आधी राडागास्ट हा जादूगार नीट वाच. तो भोळेपणाने सारुमनचा निरोप गँडाल्फ या जादूगाराला पोचवतो, पण त्यानेच कामाला लावलेल्या पक्ष्यांमुळे गँडाल्फ सारुमनच्या कैदेतून सुटतो! केवढं काम, केवढ्याशा जागेत.

अलातार, पालांडो ही त्या दोन निळ्या जादूगारांची नावं १९८० च्या 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये भेटतील. टोल्किन यांनी १९५८ च्या पत्रात ते दोघे अपयशी ठरले असावेत असं लिहिलं. अखेरच्या काळातल्या टिपणात मात्र त्यांनीच पूर्वेकडे कथेतला खलनायक सॉरॉन याचं बळ खच्ची केलं. मला हे दुसरं जास्त पटतं. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नकोस.