मेपर्यंत भाला खुंटीला टांगायचा का?

तुम्ही विचारलंय: 'मायामीत बदली होऊन आलो, ऑक्टोबरात पोलस्पिअर (रबराने सोडायचा हातभाला) घेतला, दोनदा पाण्यात उतरलो आणि हॉगफिश (खडकांवरचा एक मासा) मारायला बंद. गळवाले मात्र रोज बोटी काढतात. बंदी आपल्यालाच का? आणि एप्रिलपर्यंत करायचं काय?'

कागदावर नोव्हेंबर ते एप्रिलची ही बंदी सगळ्यांनाच आहे. पण हॉगफिश गळाला क्वचितच लागतो. तो वाळूत तोंड खुपसून खेकडे-शिंपले शोधत फिरतो. त्याला मारतो ते बहुतेक आपण भालेवाले. त्यामुळे ही बंदी आपल्याला लागते, आणि खरं बोलायचं तर आपल्यामुळेच आली. २०१७ पर्यंत फ्लोरिडा कीज (दक्षिण टोकाची बेटं) आणि पूर्व किनाऱ्यावर १२ इंची मासा चालायचा, माणशी रोज ५. त्या वर्षीच्या ऑगस्टात ते १६ इंच आणि माणशी १ झालं, हंगाम १ मे ते ३१ ऑक्टोबर. तेव्हा मीही चडफडलो होतो.

गोम माशातच आहे. हॉगफिश मादी म्हणून जन्मतो, मोठा झाल्यावर नर होतो. एक नर आणि त्याच्याभोवती माद्यांचं टोळकं, आणि त्यांची वीण ऐन हिवाळ्यात-वसंतात. गळवाल्याला लागेल तो मासा मिळतो. आपण निवडून मारतो, आणि निवडतो कोणाला? टोळक्यातल्या सगळ्यात मोठ्याला, म्हणजे बहुतेक वेळा नरालाच. तो गेला की त्यातल्या एखाद्या मादीचा नर होईपर्यंत सगळं खोळंबतं. ग्रुपरचीही (आपला गोबरा) साधारण हीच कथा. अटलांटिक बाजूला तो १ जानेवारी ते ३० एप्रिल बंद असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गळवाल्याच्या गळाला बंदीतला मासा लागला तर तो सोडून देतो. (सोडलेला जगतोच असं नाही, खोलातून ओढलेला मासा फुगून येतो. २०२४ मध्ये अटलांटिकच्या केंद्रीय हद्दीत रेड स्नॅपरला अख्ख्या वर्षात १ दिवस मिळाला, त्यामागे हे एक मोठं कारण.) आपल्याकडे ती सोय नाही. भाला सुटला की विषय संपला. जात, माप, तारीख हे सगळं भाला सोडण्याआधी डोक्यात पक्कं हवं.

त्यात पाणी फसवतं. मास्कमधून वस्तू साधारण तिसऱ्या हिश्शाने मोठी दिसते. १२ इंची मासा १६ इंची वाटतो. माझ्या पहिल्याच हंगामात मी असाच एक 'मोठा' हॉगफिश मारला. तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत माप लावलं तर साडेचौदा. (टोकांना लोंबणारे धागे मोजायचे नसतात, मी मनातल्या मनात तेही धरले होते.) ठेवला तर गुन्हा, सोडला तर वाया. सोडला. खाली जाताना एका मोरे ईलने ओढून नेला. त्या दिवसापासून माझ्या पोलस्पिअरवर १६ इंचांवर लाल टेप आहे.

आता काय करायचं ते. गल्फ बाजूला, म्हणजे पश्चिमेकडच्या मेक्सिकोच्या आखातात, हॉगफिश वर्षभर चालू आहे, १४ इंच, माणशी ५. पण ती हद्द केप सेबलच्या (फ्लोरिडाच्या मुख्य भूमीचं नैऋत्य टोक) उत्तरेला सुरू होते. कीजमधल्या मॅराथॉन गावाला जाऊन पुलाच्या पलीकडे उडी मारली की गल्फ लागला, असं नाही. (त्या गावाची पाटी पहिल्यांदा मी 'मराठी' वाचली होती.) मटन स्नॅपर आणि मँग्रोव्ह स्नॅपर हिवाळ्यात खुले असतात. शेवंड ३१ मार्चपर्यंत, पण हाताने आणि जाळीने. भाला चुकूनही नाही. आणि लायनफिश! आपल्याच हिंदी महासागराकडचा मासा, इथे उपद्रवी. त्याला हंगाम नाही, माप नाही, संख्या नाही, आणि पोलस्पिअरने मारायला परवानाही लागत नाही. काट्यांत विष असतं. टोचलं तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टर गाठा. काटे कापले की आगळ, हळद, मीठ लावून रव्यात तळा. पापलेट आठवेल. निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य आयोगाचे नियम त्या दिवशीचे बघा, ते मध्येच बदलतात.

गावी मालवणला १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी ओढून ठेवल्या की लोक जाळी शिवत बसायचे. मी इथे भाल्याची रबरं बदलतो आणि (आपण श्वास रोखूनच उतरतो ना) दम वाढवतो, कोरड्यावर. स्विमिंग पुलात एकट्याने श्वास रोखायचा नाही, कधीच नाही. सहा महिने बसलेला माणूस १ मेला ऑक्टोबरमधल्याच खोलीला उतरतो, मासा दिसला म्हणून दहा सेकंद जास्त थांबतो, आणि वर येताना शुद्ध जाते. एक वर, एक खाली, हा नियम आमच्या बोटीवर त्यासाठीच.

१ मेला मी स्वतः जातच नाही. उथळ खडकांवर बोटींची जत्रा असते आणि मासे आठवडाभरात बुजतात. मी तिसऱ्या आठवड्यात, मधल्या वारी जातो. यायचं असेल तर सांगा, बोटीत एक जागा आहे.