कस्तुरी, मस्क, जवादी, अंबर : कुठला शब्द कशासाठी?

तीन प्रश्न एकत्र आले आहेत. अत्तराच्या बाटलीवर 'मस्क' छापलेलं असतं, त्याचं मराठी 'कस्तुरी' करावं का? जनावराच्या अंगासारख्या वासाला सुगंधांवर लिहिणारे 'अ‍ॅनिमलिक' म्हणतात, त्याला आपल्याकडे शब्द आहे का? आणि एकाच वासाला एक जण 'मादक' म्हणतो, दुसरा 'गोठ्याचा' म्हणतो, तेव्हा चुकतं कोण?

पहिल्याचं उत्तर : करू नये. कस्तुरी हा पदार्थ आहे, मस्क हा आज वासाचा प्रकार आहे. पूर्वी दोन्ही एकच होते, आता त्यांच्यात फार अंतर पडलं आहे.

कस्तुरी म्हणजे नर कस्तुरीमृगाच्या पोटाखालच्या ग्रंथीतला स्राव. ही ग्रंथी बेंबी आणि जननेंद्रिय यांच्या मध्ये, कातडीखाली असते. बेंबीत काही नसतं, म्हणून 'मृगनाभी' हा शब्द काव्यात रुळलेला असला तरी 'मृगमद' जास्त नेमका आहे. मादीला ही ग्रंथी नसते. या प्राण्याला शिंगंही नसतात. नराचे वरचे सुळे ओठांबाहेर आलेले दिसतात. चित्रांत काढतात ते डौलदार शिंगांचं हरीण म्हणजे कस्तुरीमृग नव्हे. वाढलेल्या नराच्या ग्रंथीत साधारण २५ ग्रॅम कस्तुरी निघते. ताजी असताना ती ओलसर, लालसर तपकिरी असते, वाळली की काळपट दाणेदार होते. आयुर्वेदाच्या निघंटूंत तिचे कामरूपी, नेपाळी आणि काश्मिरी असे भेद सांगितले आहेत, त्यांत कामरूपी सर्वांत उत्तम. शिकारीसाठी फास लावतात आणि फासाला नर-मादी कळत नाही, त्यामुळे माद्या आणि पिल्लंही मरतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतात ती बाळगणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे. 'असली कस्तुरी' म्हणून कोणी काही विकत असेल तर तो माल बनावट तरी असतो किंवा गुन्ह्यातला तरी.

लेखनाचं म्हणाल तर संस्कृतात कस्तूरी, कस्तूरिका. मराठीत शेवटचं अक्षर दीर्घ असल्यामुळे आधीचा उकार ऱ्हस्व करून 'कस्तुरी' लिहितात, आणि तेच रूढ आहे.

'मस्क' हा शब्द मात्र मोठा फेरफटका मारून आपल्याकडे परत आला आहे. संस्कृत 'मुष्क' म्हणजे वृषण. वाळलेल्या ग्रंथीच्या आकारावरून हे नाव पडलं असं मानतात. त्याचं फारसीत मुश्क, अरबीत मिस्क झालं, ग्रीक-लॅटिनमधून ते फ्रेंच आणि इंग्रजीत गेलं आणि शेवटी इंग्रजीमार्गे मराठी जाहिरातींत उतरलं. 'कस्तूरी'चा प्रवास बहुधा उलट दिशेचा. काही व्युत्पत्तिकार तिचा संबंध ग्रीक 'कास्तोर'शी, म्हणजे बीव्हर या प्राण्याशी जोडतात. बीव्हरच्या ग्रंथीतला सुगंधी स्राव औषधात वापरत; युनानी वैद्यकात त्याला जुंदबेदस्तर म्हणतात.

आता बाटलीतला मस्क. १८८८ साली आल्बर्ट बाऊर हा रसायनज्ञ स्फोटकांवर काम करत होता. टीएनटीच्या कुळातल्या एका संयुगाला कस्तुरीसारखा वास येतो हे त्याच्या लक्षात आलं आणि तिथून कृत्रिम मस्कची सुरुवात झाली. १९०६ मध्ये खऱ्या कस्तुरीतला मुख्य गंधघटक, मस्कोन, वेगळा काढला गेला. १९२६ मध्ये लिओपोल्ड रुझिच्का यांनी त्याची रचना उलगडली : पंधरा कार्बनचं एक मोठं कडं. इतकं मोठं कडं टिकू शकेल यावर तेव्हाचे रसायनज्ञ विश्वास ठेवत नव्हते. रुझिच्कांना १९३९ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचाही वाटा होता. बाऊरच्या घराण्यातले नायट्रो मस्क पुढे आरोग्य आणि पर्यावरणाच्या कारणांनी मागे पडले. त्यांतल्या मस्क झायलीनवर युरोपात २०१४ पासून बंदी आहे. आज बाजारातला मस्क म्हणजे गॅलॅक्सोलाइड, एथिलीन ब्रासिलेट, हॅबॅनोलाइड असली प्रयोगशाळेत बनणारी संयुगं. ती स्वस्त आहेत आणि कापडाला चिकटून राहतात, म्हणून धुण्याच्या पावडरीत आणि फॅब्रिक कंडिशनरमध्ये भरपूर घालतात. त्यामुळे आजच्या नाकाला 'व्हाइट मस्क' म्हटलं की धुतलेले, वाळलेले कपडे आठवतात. मृगमदाचा इथे काही संबंध उरलेला नाही. 'श्वेत कस्तुरी' असं भाषांतर केलं तर जगात नसलेल्या वस्तूला नाव दिल्यासारखं होईल.

लेबल किंवा माहितीपत्रक मराठीत करणाऱ्यांसाठी : 'कस्तुरीयुक्त' लिहू नका, तो खोटा दावा होतो. 'कस्तुरीगंधी' लिहा किंवा सरळ 'मस्क' ठेवा. मराठीला ही पद्धत नवी नाही. कस्तुरी भेंडी, कस्तुरी हळद, कस्तुरी मांजर यांतल्या कशातच कस्तुरी नाही. समासात 'कस्तुरी' पुढे आली की ती वासाचं साम्य सांगते. यातली कस्तुरी भेंडी, म्हणजे लताकस्तुरी, लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्या बियांत अँब्रेटोलाइड नावाचं संयुग असतं आणि त्याची रचना मस्कोनसारखीच मोठ्या कड्याची आहे. प्राण्याला हात न लावता मिळणारा नैसर्गिक मस्कगंध हवा असेल तर तो हाच.

जवादीकडे येऊ. हा शब्द अरबी 'झबाद'वरून आला, तमिळमध्ये तो 'जव्वादु' झाला. जवादी मांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथीतला हा लोण्यासारखा पिवळसर स्राव, जुना होताना गडद होत जातो. व्यापारातली जवादी मुख्यतः इथिओपियातून येते. तिथे प्राणी अरुंद पिंजऱ्यात ठेवून ठरावीक दिवसांनी स्राव खरवडतात आणि गुरांच्या शिंगांत भरून विकतात. मराठीत इथे एक गोंधळ कायम दिसतो : उदमांजर आणि जवादी मांजर एकच समजले जातात. उदमांजर म्हणजे कांडेचोर, घरांच्या माळ्यावर राहणारं, महागड्या कॉफीच्या बातम्यांत येणारं. अत्तरातली जवादी त्याची नव्हे.

अंबर हा तर तिहेरी घोटाळा. संस्कृत अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र, त्याचा इथे संबंध नाही. अरबी 'अन्बर' म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा मेणचट गोळा. आणि परफ्यूमवर 'अ‍ॅम्बर' लिहितात ती लॅब्डॅनम नावाची राळ, व्हॅनिला आणि लोबान यांची गोड, उबदार जुळणी. दागिन्यातला पिवळा अ‍ॅम्बर आणखी वेगळा : तो राळेचा जीवाश्म, त्याला आपला सुंदर शब्द आहे, तृणमणी. घासला की गवताची काडी ओढून घेतो म्हणून.

वर्तमानपत्रांत कोकण किनाऱ्यावरच्या जप्तीच्या बातम्या येतात त्यात 'व्हेल माशाची उलटी' असं हमखास छापतात. तीन शब्दांत दोन चुका. व्हेल मासा नाही, सस्तन प्राणी आहे. आणि ही उलटी नाही. माखुलीसारख्या भक्ष्याच्या न पचलेल्या चोची आतड्यात साचतात, त्यांच्याभोवती हा गोळा तयार होतो. 'अंबर' हा नेमका शब्द आपल्याकडे असताना तो वापरावा. ताजं अंबर काळं, मऊ असतं आणि त्याला शेणासारखी घाण येते. वर्षानुवर्षं समुद्रात, उन्हात राहून ते राखाडी-पांढरं होतं, तेव्हा त्याला गोडसर, खारट, जुन्या लाकडासारखा गंध येतो. त्यातल्या मुख्य घटकाला, अँब्रेनला, स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तो हवेत हळूहळू मोडतो तेव्हा गंध तयार होतो. त्या मोडण्यातून तयार होणारा एक गंधघटक, अँब्रॉक्साइड, आता क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या स्क्लॅरिऑलपासून बनवतात. अंबर बाळगणं किंवा विकणंही भारतात बेकायदा आहे.

'अ‍ॅनिमलिक'साठी 'प्राणिज' सुचवलं जातं. तो शब्द मूळ सांगतो, वास सांगत नाही. आसामी ऊद घ्या. अगरूचं लाकूड गाळण्याआधी बरेच दिवस पाण्यात भिजत ठेवतात, ते आंबतं, आणि तेलाला तबेल्याचा दर्प येतो. हे तेल प्राणिज मुळीच नाही, तरी वास पुरता जनावराचा. म्हणून पदार्थासाठी 'प्राणिज' आणि वासासाठी 'मदगंधी' अशी वाटणी करावी. 'मदगंध' हे संस्कृतात सप्तपर्णीचं, म्हणजे आपल्या सातविणीचं नाव आहे. फुलांचा वास हत्तीच्या मदासारखा म्हणून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर सातवीण फुलली की काही जण मुद्दाम खिडकी उघडतात आणि काहींचं डोकं उठतं. याच गंधांच्या बाबतीत लोकांचं नेहमी जे होतं ते या एका झाडाखाली पाहायला मिळतं.

आता तिसरा प्रश्न. 'मादक' म्हणणारा आणि 'गोठ्याचा' म्हणणारा, दोघांपैकी चुकत कोणीच नाही. जवादीत स्कॅटोल नावाचं संयुग असतं, ते विष्ठेतही असतं. मोगरा-चमेलीत त्याचं भावंड इंडोल असतं. कालचा गजरा बंद डबीत ठेवून आज उघडला की गोड वासाखालून जो कुबट दर्प वर येतो, त्यात इंडोलचा मोठा हात असतो. मात्रा कमी असेल तर फूल, वाढली तर संडास. घरात चिचुंद्री फिरून गेल्यावर राहणारा वासही प्राण्याच्या ग्रंथीतलाच. आपण त्याला कधी कस्तुरीगंध म्हटलेलं नाही.

दुसरं कारण नाकात आहे. मस्कोनचा रेणुभार २३८, गॅलॅक्सोलाइडचा २५८. तीनशेच्या आसपास माणसाला गंध जाणवणं संपत येतं, म्हणजे हे रेणू सीमेजवळचे. त्यातून प्रत्येकाचे गंधग्राही वेगळे. एखाद्याला गॅलॅक्सोलाइड अजिबात कळत नाही, पण ब्रासिलेट स्वच्छ कळतं. म्हणूनच परफ्यूम बनवणारे एकच मस्क न घालता तीन-चार मिसळतात. हे लिहिताना मराठीचा एक सापळा टाळावा. नुसतं 'वास येतो' म्हटलं की मराठीत ते वाईटाकडे झुकतं (दुधाला वास येतोय). आणि 'वास येत नाही' म्हणजे मला कळत नाही, की मुळात वासच नाही, हे उघड होत नाही. परीक्षण लिहिताना 'मला जाणवला नाही' किंवा 'यात मस्क नाही', जे असेल ते पूर्ण लिहावं.

स्वतः पडताळायचं असेल तर कृत्रिम जवादी किंवा स्कॅटोल कधीही बाटलीला नाक लावून हुंगू नये. नाक लगेच दमतं आणि पुढचा अर्धा तास शेणाशिवाय काही कळत नाही. १ ग्रॅम पदार्थ ९९ ग्रॅम परफ्यूमरच्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, हे १ टक्का झालं. त्यातले १० ग्रॅम घेऊन ९० ग्रॅम अल्कोहोल घाला, ०.१ टक्का. वजनानेच मोजा, थेंबांचा आकार दर ड्रॉपरला बदलतो. स्कॅटोलसाठी आणखी दहापट पातळ करा. कागदी पट्टीचं टोक बुडवा, अल्कोहोल उडेपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा, मग नाकापासून दोन बोटं दूर धरा. पुन्हा तासाने, पुन्हा दुसऱ्या दिवशी हुंगा. मस्कची पट्टी कित्येक दिवस गंध धरते. मध्येच वास गेला असं वाटलं तर पट्टी टाकू नका, दुसऱ्याच्या हाती द्या किंवा बाहेर चक्कर मारून परत या : बहुतेक वेळा मस्क तिथेच असतो, आपलं नाक त्याला सरावलेलं असतं.